न लागलेल्या पाण्याची नोंद

शनिवारी संध्याकाळी ललिताचा फोन आला तेव्हा ढोले सर कूलरमध्ये पाइपने पाणी सोडत होते. मे महिन्यातलं अकोला. दिवस कलला तरी भिंतीला हात लावला की चटका बसत होता.

“दादा, गाडी भेटली! गुरुवारी सकाळी येऊन राहिली,” ललिता एका दमात बोलली. “एकच दिवस देतो म्हणे. मंग वरुडकडं चालली जाते. तू बुधवारी ये. नारळ मी आणून ठेवते.”

गाडी म्हणजे बोअर पाडायची गाडी. ललिता ही सरांची धाकटी बहीण, मोर्शीजवळच्या खेड्यात दिलेली. तिची आणि तिच्या नवऱ्याची, देवानंदची, संत्र्याची चारशे झाडं होती. होळीच्या सुमाराला त्यांचा बोअर आटला होता. टँकरच्या पाण्याने झाडांच्या तोंडाला नुसती ओल लागायची. पानं गुंडाळायला लागली होती आणि आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांची, बोराएवढी फळं रोज गळून आळ्यात पडत होती. आणखी आठ-दहा दिवस असेच गेले तर फळंच काय, झाडंही जाणार होती. संत्र्याचं झाड वाळलं की नवीन लावून त्याला फळ धरेपर्यंत पाच-सहा वर्षं जातात. सगळ्या तालुक्यात गाड्यांसाठी रांग लागलेली. म्हणून एक दिवस, एक गाडी, एक बोअर. तो कुठे पाडायचा हे सरांनी सांगायचं होतं.

“तुह्या पाण्यावर नऊ वर्स बाग जगली, दादा. यंदाबी जगन.”

“हो. येतो,” सर म्हणाले.

फोन ठेवेपर्यंत कूलर भरून पाणी खोलीभर झालं होतं. त्यांच्या पत्नी रमाताई पोछा घेऊन धावत आल्या. “दुसऱ्याच्या वावरात जमिनीखालचं पाणी दिसते, अन् घरात पायाखालचं दिसत नाही होय तुमाले?”

एरवी सर हसले असते. आज ते तसेच ओल्या फरशीवर उभे राहिले. बारा वर्षांत त्यांनी शंभरावर लोकांना ‘हो, येतो’ म्हटलं होतं. म्हटल्याबरोबर परत फोन लावून ‘नाही’ म्हणावंसं आज पहिल्यांदा वाटत होतं.

उद्धव खुशालराव ढोले, वय छप्पन्न. अकोल्यातल्या एका महाविद्यालयात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवून त्यांना एकतीस वर्षं झाली होती. सुरुवातीला वर्गात ऐंशी मुलं असायची, आता सात होती. शहरात त्यांना ‘तर्कवाले ढोले’ म्हणत. तेल्हाऱ्याच्या आणि मोर्शीच्या खेड्यांमध्ये मात्र त्यांचं तर्कशास्त्र कुणाला ठाऊक नव्हतं. तिथे ते ‘पाणीवाले सर’ होते.

ही विद्या वडिलांची. खुशालराव पंचक्रोशीतले नावाजलेले पाणाड्या. सोललेला नारळ तळहातावर आडवा ठेवायचा, शेंडी बोटांकडे करायची आणि वावरात चालत राहायचं. खाली पाणी असेल तिथे नारळ हळूहळू उभा राहतो. शेवटच्या उन्हाळ्यात त्यांनी उद्धवच्या हातावर नारळ ठेवला आणि बांधाबांधाने फिरवलं. एका जागी नारळ थरथरला आणि उठला. “ओढ समजली?” म्हातारा म्हणाला. समजली होती. मनगटापासून कोपरापर्यंत कुणी दोरी ओढावी तशी. त्या पावसाळ्यात खुशालराव गेले आणि लोक लेकाकडे येऊ लागले.

कॉलेजातला उद्धव आणि वावरातला उद्धव यांचं भांडण व्हावं असं कुणालाही वाटेल. पण सरांनी त्या दोघांना एका ताटात जेवायला बसवलं होतं. हाताला जी ओढ जाणवते ती प्रत्यक्ष अनुभव, असं ते म्हणत. सगळे पुरावे शेवटी प्रत्यक्षापाशीच येऊन थांबतात. मग प्रत्यक्षालाच पुरावा कसा मागणार? यावर त्यांनी यंदा फेब्रुवारीत कॉलेजात व्याख्यानही दिलं. “ज्ञान म्हणजे काय, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नसतो,” ते म्हणाले होते. “मीटर तापमान सांगेल. आपल्याला कळतं म्हणजे नेमकं काय होतं, हे मीटर सांगणार नाही.” टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये भौतिकशास्त्राच्या मैथिली देव समोर येऊन बसल्या. वय तिशीच्या आतलं, अमरावतीच्या वकील घराण्यातली मुलगी, त्यामुळे उलटतपासणी रक्तात. डबा उघडता उघडता त्यांनी विचारलं, “सर, शंभरातले किती लागतात तुमचे?”

“नव्वद तरी.”

“कशावरून?”

सरांकडे डायरी होती. पाणी लागलं की मालक पेढे, टॉवेल-टोपी आणि बोअरच्या पहिल्या पाण्याची बाटली घेऊन अकोल्याला येत असे, ही खुशालरावांपासूनची रीत. सर ते पाणी तुळशीला घालत आणि डायरीत मालकाचं नाव-गाव लिहीत. साठेक नावं होती.

“आणि ज्यांना लागलं नाही, ते काय घेऊन येतात?”

सर जरा चिडले. “तुम्ही लोक सगळंच मोजायला निघता, मॅडम. माझं ज्ञान तुमच्या फूटपट्टीत बसायचं नाही.”

“मी तुमचं ज्ञान नाही मोजत, सर. मी फक्त बोअर मोजतेय.”

त्याच आठवड्यात वर्गात धडा निघाला तो नेमका अनिरीक्षणाच्या दोषाचा. जे पाहायला हवं होतं ते न पाहता निष्कर्ष काढणं म्हणजे हा दोष. एकतीस वर्षं सर त्याला एकच उदाहरण देत आले होते: देवळात नवसाच्या घंटा दिसतात, कारण ज्याचा नवस फळला तोच घंटा बांधायला येतो, ज्याचा फळला नाही तो पुन्हा फिरकतही नाही, म्हणून देऊळ बघणाऱ्याला वाटतं की सगळ्यांचेच नवस फळतात. वाक्य अर्धं बोलून झालं आणि सरांचा खडू फळ्यावरच थांबला. पहिल्या बाकावरच्या आचलने शेवटी विचारलं, “सर, पुढं?” सरांनी पुढचं सांगितलं. तास संपला.

फेब्रुवारी ते मे त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. आठ ठिकाणी पाणीही दाखवून आले. माणूस स्वतःशी फार दिवस खोटं बोलू शकतो, फक्त मध्ये कुणी आपलं माणूस यायला नको. ललिता मध्ये आली.

रविवारी सकाळी चहा घेताना त्यांनी रमाताईंना विचारलं, “बारा वर्षांत मी किती ठिकाणी पाणी पाहिलं असेल?”

रमाताई उठल्या आणि दिवाणातून जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा काढून त्यांच्यापुढे टाकला. दुधाच्या खाड्यांसोबत एकेका चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘हे पाण्याले, दानापूर.’ ‘हे पाण्याले, नेरपिंगळाई.’

“हे कशाला लिहायची तू?”

“घरी जेवासाठी कोन आहे, कोन नाही, मले कळाले नको?”

दोघांनी मिळून मोजलं. एकशे सत्तावीस. डायरीत एकसष्ट. उरलेल्या सहासष्ट माणसांचं काय झालं, हे सरांनी एकदाही विचारलं नव्हतं.

त्यांनी मैथिलीला फोन लावला. ती तासाभरात स्कूटीवरून हजर. तिने ना टोमणा मारला ना विजय मिरवला. “तीन दिवसांत एकशे सत्तावीस होणार नाहीत,” ती म्हणाली. “तीस काढू. पण गावं तुम्ही निवडायची नाहीत. चिठ्ठ्या टाकायच्या.”

“मी काय चोरी करणार आहे?”

“तुम्ही नाही करणार, सर. तुमची इच्छा करेल, तुम्हाला न विचारता. आणि जिथे जाल तिथे शेजारच्या वावराची चौकशी करा, पाणी न पाहता पाडलेल्या बोअरची. नाहीतर तुमचे निम्मे लागले तरी ते तुमच्यामुळे की जमिनीमुळे, हे कळणार नाही.”

“व्यतिरेक,” सर पुटपुटले. कारण काढून घेतलं तरी परिणाम दिसतो का ते पाहायचं, हाही त्यांचाच धडा होता.

“एक मात्र मला ठरवता येत नाही. ‘लागलं’ कशाला म्हणायचं? पाणी आलं पण खारं आलं तर?”

सरांना खाऱ्या विहिरी आठवल्या. तेल्हाऱ्याच्या खाली खारपाण पट्टा. तिथे पाणी लागूनही वावर कोरडंच राहतं. “जे झाडाला घालता येईल ते पाणी,” ते म्हणाले. “आणि हे आत्ताच लिहून ठेवू. मोजायला लागल्यावर व्याख्या बदलायची नाही.”

मैथिली हसली. “बघा. हे काम मीटरचं नव्हतं.”

रमाताईंनी पिठाच्या डब्याच्या झाकणातून तीस चिठ्ठ्या उचलल्या आणि वही घेऊन त्याही गाडीत बसल्या. “ज्या ज्या घरचे पेढे खाल्ले ते घर पाहू द्या की मले.”

पेढ्यांची घरं निघाली. तिथे मोटरच्या पाइपाला हार घातलेला असे, चहा मिळे, पाया पडत. पण जवळपास एकाआड एक घर बिनपेढ्यांचं निघे. हिवरखेडच्या अलीकडे एका वावरात बोअरच्या तोंडावर फुटका माठ पालथा घातला होता. एका ठिकाणी त्या जागेवरून रस्ताच गेला होता. लोक सरांना पाहून ओशाळत, जसा काही गुन्हा त्यांनीच केला होता.

“तुमचं काय चुकन, सर,” हिवरखेडजवळची दुर्गाबाई म्हणाली. सत्तरीची बाई, ओसरीवर तूर निवडत बसलेली. “आमचंच चुकलं. म्हणून त तुमाले कळवलं नाही. कोन्या तोंडानं सांगावं?”

“तुमचं काय चुकलं?”

दुर्गाबाईने मान आतल्या घराकडे वळवली. “ज्या दिवशी तुमी पाणी पाह्यलं, त्या दिवशी हे सून वावरात आलती भाकर घेऊन. अडचणीची होती अन् बोलली नाही. विटाळ झाला. पाणी फिरलं.”

दारात पस्तिशीची बाई उभी होती. प्रणाली. हातात चहाचा ट्रे. ट्रे खाली ठेवून ती पदर सावरत मागे सरकली नाही. सरांकडे सरळ पाहत राहिली.

“पाच वर्सं झाले, सर,” ती म्हणाली. “अजून मले पेरणीले वावरात येऊ देत नाही. माहेरीबी हेच सांगतलं यायनं. तुमी शिकलेले आहा. तुमीच सांगा, माह्यामुळं गेलं काय पाणी?”

रमाताईंचा पेन थांबला. मोजणी पूर्ण व्हायच्या आधी काहीच बोलायचं नाही, असं सरांनी ठरवलं होतं. पण त्या बाईपुढे ते ठरवणं टिकलं नाही.

“नाही. तुमच्यामुळे नाही.”

“मंग कोनामुळं?”

“माझ्यामुळे. मी जागा सांगितली, तिथे पाणी नव्हतं. एवढंच.”

“असं कसं बोलता, सर!” दुर्गाबाई कळवळली. “तुमच्या वडलाचा हात तुमच्यापाशी आहे. मोठ्या मनाचे म्हणून आपल्यावर घेऊन राहिले.” आणि सुनेकडे वळून म्हणाली, “पाह्यलं? देवमाणूस आहे.”

प्रणाली खाली वाकली. ट्रे उचलून आत गेली. तिच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. खरं काय ते कळूनही त्याचा आपल्याला काही उपयोग नाही, हे तिला तिथल्या तिथे कळलं होतं. गाडीत बसल्यावर रमाताईंनी वहीत दुर्गाबाईच्या नावापुढे फुली मारली. मग म्हणाल्या, “इथले पेढे आपण खाल्ले नाही, हे एक बरं.”

मंगळवारी संध्याकाळी मोर्शीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून त्यांनी बेरीज केली. तीसपैकी चार जणांचा पत्ता लागला नाही. कुणी वावर विकलं होतं, कुणी जगात नव्हतं. उरले सव्वीस.

“तुमचे लागलेले चौदा,” रमाताई म्हणाल्या.

“आणि शेजारचे? सव्वीसातले?”

रमाताईंनी दोनदा मोजलं. “पंधरा.”

सरांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. सव्वीसांत शून्य असते तरी त्यांना इतकं लागलं नसतं. चूक असणं समजू शकतं. पण त्यांचा हात चूकही नव्हता आणि बरोबरही नव्हता. तो नव्हताच. बारा वर्षं त्यांच्या जागी कुणी डोळे मिटून दगड भिरकावला असता तरी हेच झालं असतं. वडिलांची ती सगळी वर्षंसुद्धा तशीच असतील का, हा विचार त्यांनी दारातच अडवला.

बुधवारी सकाळी ललिताच्या अंगणात त्यांनी हे सगळं सांगितलं. वही दाखवली. ललिताने वहीकडे पाहिलंही नाही.

“एकसष्ट लोक काय खोटे आहेत?”

“खोटे नाहीत. पण बाकीचे गप्प बसले, ललू.”

“अन् माहा बोअर? नऊ वर्स पाणी देलं त्यानं.”

“दिलं. पण ते माझ्यामुळे नाही. खाली होतं म्हणून.”

“मंग आता खाली कुठं आहे, ते सांग न!” तिचा आवाज फाटला. “तू इथपर्यंत मले हे सांगाले आला, का तुले काहीच समजत नाही? ते मलेबी समजत नाही. त्यासाठी अकोल्याहून येणं लागते काय?”

देवानंदने तिला खांद्याला धरून बसवलं. तो सरळ माणूस. “सर, गाडी उद्या दहाले येते. कुठंतरी त पाडावंच लागन.”

मैथिलीने तिच्या ओळखीचा एक भूजल सर्वेक्षण करणारा पाठवला होता. तो दुपारी आला. जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकल्या, तारा ओढल्या, यंत्रातले आकडे लिहून घेतले. त्याने तीन जागांवर चुन्याच्या खुणा केल्या आणि फाटकाजवळची त्यातल्या त्यात बरी म्हणाला.

“लागन काय?” ललिताने विचारलं.

“या भागात पाणी फार खोल गेलंय, ताई. शक्यता म्हणाल तर दहात तीन.”

“दहात तीन म्हंजे? माह्या वावरात पाणी आहे का नाही?”

“म्हणजे अशा दहा जागांवर बोअर पाडले, तर तीन जागी...”

“दहा कोन पाडू देते मले? माहा एकच आहे.”

त्याने मदतीसाठी सरांकडे पाहिलं. सरांना ठाऊक होतं की बाईने अत्यंत रास्त प्रश्न विचारला आहे. एकदाच घडणाऱ्या गोष्टीला ‘दहात तीन’ म्हणजे काय, यावर त्यांनी एम.ए.च्या मुलांना दोन-दोन तास शिकवलं होतं. बहिणीला देता येईल असं उत्तर त्या दोन तासांत कुठेच नव्हतं.

यंत्रवाला गेल्यावर ललिता घरातून नारळ घेऊन आली आणि तिने तो भावाच्या हातावर ठेवला. “माह्यासाठी एकदा फिर. लागलं त लागलं.”

सरांनी नको म्हणायला हवं होतं. ते चपला काढून बागेत शिरले. पायाखाली गळलेली फळं चुरडत होती. ओळीमागून ओळ झाली. नारळ हातावर मेल्यासारखा पडून होता आणि सरांना बरं वाटत होतं. पश्चिमेच्या बांधावर चिंचेचं झाड आहे, त्याच्या सात-आठ पावलं अलीकडे मनगटात ओढ आली. थरथर आली. नारळ उठायला लागला.

रविवारी चिठ्ठ्या करताना मैथिली बोलली होती ते त्यांना ऐकू आलं. हात लबाडी करत नाही, सर. आपणच ढकलतोय हे त्याला माहीत नसतं, एवढंच. सव्वीसात चौदा. शेजारी पंधरा. सगळं पाठ होतं. आणि सगळं पाठ असताना नारळ हातावर सरळ उभा राहिला, वडिलांच्या वेळी राहिला होता तसाच, तितकाच खरा. आकड्यांनी त्या ओढीचं काहीही बिघडवलं नव्हतं. सरांनी दुसऱ्या हाताने नारळ दाबून आडवा केला आणि परत फिरले.

“कुठंच उठला नाही,” ते म्हणाले.

“कुठंच?”

“कुठंच नाही. यंत्राच्या जागेवर पाडा.”

गुरुवारी दहाला गाडी आली. ललिताने फाटकाजवळच्या खुणेवर हळद-कुंकू वाहिलं. कॉम्प्रेसर सुरू झाला आणि धुळीचा लोट आभाळात गेला. गाडीवरचे कामगार तामिळनाडूचे होते. त्यांना मराठी येत नव्हती, ते दर शंभर फुटांना बोटं वर करून दाखवायचे. तीन बोटं. चार. साडेपाचशेला भुकटी ओलसर आली तेव्हा देवानंदने ती मुठीत घेऊन नाकाला लावली आणि ललिता देवाचं नाव घ्यायला लागली. सहाशेला ती पुन्हा पिठासारखी कोरडी झाली. आठ बोटं. आठशे चाळीसला दांडे संपले. यंत्र थांबलं तेव्हा कानात नुसती शिट्टी वाजत राहिली. तीनच्या सुमाराला गाडी वरुडच्या रस्त्याला लागली.

सरांना वाटलं, आता ललिता अंगावर येईल. ती ओरडली असती तर त्यांनी ते गुमान ऐकून घेतलं असतं. ती त्यांच्याजवळ येऊन बसली. चेहरा धुळीने पांढरा, त्यावर दोन ओघळ.

“दादा, काल मी तुले वाकडंतिकडं बोलली,” ती म्हणाली. “तुह्या हातानं खरं सांगतलं होतं. माह्या वावरात पाणीच नाही राहिलं. मशीन चुकली, नारळ नाही चुकला.”

शेजारच्या वावरातले केशवराव सकाळपासून पाहायला उभे होते. ते पुढे आले. “सर, आता आमच्याकडं चला. मी मशीनवाल्याले उद्याचं सांगतलं होतं, त्याले नाही म्हणून टाकतो. तुमचा नारळ असताना काय करायची मशीन?”

सरांनी रमाताईंकडे पाहिलं. सरांच्या लक्षात आलं होतं की आपण कुठल्या कोपऱ्यात उभे आहोत. गप्प राहिलं तर नारळ खरा ठरतो: उठला नाही आणि पाणीही लागलं नाही. खरं सांगितलं तरी नारळ खरा ठरतो: चिंचेपाशी पाणी होतं, आणि सख्ख्या भावाने लपवलं. तर्कशास्त्राचा माणूस दोन्ही वाटांच्या शेवटापर्यंत जाऊन आला. दोन्हीकडे तोच नारळ होता. पण केशवराव उभे होते, त्यांचाही एकच बोअर होता.

“मी खोटं बोललो,” सर म्हणाले. “नारळ उठला होता. चिंचेजवळ.”

ललिताला आधी कळलंच नाही. मग ती उभी राहिली, चिंचेकडे पाहिलं, पुन्हा भावाकडे.

“कावून नाही सांगतलं?”

“कारण ते खरं नाही. तो माझाच हात असतो, ललू. मी मोजलंय.”

“तिथं पाडून पाह्यलं तू?”

“नाही, पण...”

“सव्वीस गावाची मोजणी करत फिरला. अन् माह्या चिंचेपाशी न पाहताच ठरवलं?”

सरांकडे उत्तर होतं. सव्वीसांवरून सत्ताविसाव्याचा अंदाज कसा बांधतात, हे ते झोपेतही सांगू शकले असते. पण तिच्या वाक्यात एक गोष्ट खरी होती. त्यांनी ती जागा तपासली नव्हती, लपवली होती. आणि लपवलेल्या गोष्टीला विज्ञान म्हणत नाहीत, हे मैथिलीने सांगायची गरज नव्हती.

देवानंद गाडीवाल्याला फोन लावत होता. बराच वेळ हिंदीत विनवण्या केल्यावर त्याने मोबाइल खिशात टाकला. “बारा दिवसांनी. त्याच्याआधी नाही म्हणते.”

“झाडं राहतीन बारा दिवस?” ललिताने विचारलं.

“फळं ठेवली त नाही.”

तिने जवळची फांदी हातात धरली. “मंग फळं तोडा. सगळे. झाडावर ओझं नको. बाराव्या दिवशी चिंचेपाशी पाडू.”

“ललू, एका बोअरने काही सिद्ध होत नाही,” सर म्हणाले. “लागला तरी नाही, न लागला तरी नाही.”

“मले काही सिद्ध नाही करायचं, दादा. मले पाणी पायजे.”

केशवराव निघून गेले. ते यंत्रवाल्याला बोलावणार होते की दुसऱ्या पाणाड्याला, कळायला मार्ग नव्हता. देवानंदने घमेली आणली. चौघे चार ओळींना लागले.

यंदाचा सगळा बहार आपल्याच हाताने खुडून घमेल्यात टाकायचा. हिरवी फळं, अजून रस न भरलेली, टणटण वाजत पडत होती. तोडता तोडता सरांना जाणवलं की आपण मनातल्या मनात काहीतरी मागतोय. चिंचेपाशी पाणी लागू दे, असं. लागलं तर पुढची वीस वर्षं या तालुक्यात नारळच फिरेल आणि प्रत्येक कोरड्या बोअरसाठी कुणाच्या ना कुणाच्या सुनेला दोषी धरलं जाईल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. तरी ते मागत होते. चौदा आणि पंधरा हे आकडे चुकावेत, मोजणीत कुठे तरी खोट निघावी, रमाने चार चिठ्ठ्या भलत्याच उचललेल्या असाव्यात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नीट पुरावा गोळा केला होता, आणि तो खोटा निघावा म्हणून ते जीव तोडून विनवत होते.

ललिता शेजारच्या ओळीत होती. झाड रिकामं झालं की ती नखाने खोडाची साल किंचित खरडायची. आत हिरवं दिसलं की पुढे जायची. सरही तसं करू लागले. एक हिरवं. दुसरं हिरवं. तिसऱ्याला नख लागलं आणि साल कोरड्या कागदासारखी सुटली. आत तपकिरी. त्यांनी थोडं वर खरडून पाहिलं, मग दुसऱ्या फांदीवर. तिथेही तपकिरीच.

“ते कसं आहे?” पानांआडून ललिताने विचारलं.

सरांनी आणखी एकदा, अगदी बुंध्याशी, नख रुतवून पाहिलं.

“गेलं,” ते म्हणाले, आणि पुढच्या झाडाकडे वळले.